कानावर पडेपर्यंत

गौरांगचा फोन आला तेव्हा क्षितिजा बिट्टन मार्केटमध्ये गिलकी निवडत होती. गिलकी म्हणजे आपली घोसाळी. पण जन्म भोपाळात काढल्यावर भाजीवाल्यापुढे घोसाळी म्हणायची सोय नाही, तो शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवतो. फोन खांद्याने कानाशी दाबून धरत ती म्हणाली, "बोल रे," आणि पलीकडून काकांचा गौरांग म्हणाला, "ताई, बाबा गेले." ती "बरं" म्हणाली. का म्हणाली कोण जाणे, पण म्हणाली. तो पुढे बरंच बोलला, मध्ये रडला, अर्धं हिंदीत बोलला, आणि ती सगळं ऐकत राहिली. फोन ठेवला तेव्हा भाजीवाल्याने गिलकी तोलून पिशवीत ओतली होती, आणि ती रोजच्या सवयीने त्याला म्हणाली, "भैया, थोड़ा धनिया भी डाल दो." स्वतःचा तो आवाज कानावर पडला आणि क्षितिजा दचकली. काका गेले होते, आणि ती फुकटची कोथिंबीर मागत होती. भाजीवाल्याने निमूट दोन काड्या टाकल्या. त्याला काय ठाऊक? आणि तिला तरी ठाऊक झालं होतं का, असं तिला वाटून गेलं. शब्द कानात शिरले होते, पण पुढे कुठेतरी अडकून बसले होते.

गौरांगचं म्हणणं सोपं होतं. काका गेले आठ-दहा दिवस साकेत नगरच्या मोठ्या हॉस्पिटलात होते, छातीत कफ झाला होता, आणि या वयात तो उतरला नाही. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते केलं. सकाळीच गेले, पण कुणाला फोन करायचा धीरच होईना म्हणून तो आणि त्याची बायको अश्विनी बाकड्यावर नुसते बसून राहिले. आता कागदपत्रं, गाडी, नातेवाईक, सगळं त्यालाच बघायचं. आणि आई मिसरोदला घरी एकटी. काल रात्री तिला बळेच झोपायला घरी पाठवलं होतं. दुपारी डबा घेऊन ती परत येणार होती. तिला फोनवर सांगायचं नाही, ताई, तू जा आणि तू सांग. पण गेल्या गेल्या सांगू नकोस. आधी तिला जेवू घाल. शुगरच्या गोळ्या पोटात आहेत, उपाशी राहिली तर चक्कर येऊन पडेल. "बाबा असते तर त्यांनी हेच केलं असतं ना," गौरांग म्हणाला होता. केलंच असतं त्यांनी. जन्मभर दुसरं केलं काय?

तिने रिक्षा केली. भाजीची पिशवी पायाशी ठेवली. रिक्षावाल्याला मिसरोद सांगताना तिचा आवाज अगदी सरळ होता, आणि त्याचाही तिला राग आला. होशंगाबाद रोडवर नेहमीची गर्दी होती. तिला गर्दी हवीच होती. आज प्रत्येक सिग्नल लाल मिळावा, पुढे एखादा ट्रक आडवा व्हावा, मिसरोद कुठेतरी इटारसीच्या पलीकडे सरकावं, असं तिला वाटत होतं.

मनोहरकाका पोस्टमन होते. पोस्टातून रिटायर झाले त्यालाही वीस वर्षं होऊन गेली, पण जुन्या शहरात अजून चार माणसं त्यांना डाकबाबू म्हणायची. छप्पन साली सरकारी कचेऱ्या नागपुराहून भोपाळला आल्या, त्यांच्याबरोबर टेंभेकरांचं बिऱ्हाडही आलं. आजोबा सचिवालयात कारकून. थोरला मुलगा, म्हणजे क्षितिजाचे वडील, इंजिनिअर झाला आणि जबलपूर, रीवा असा बदल्यांवर फिरत राहिला. धाकटा मनोहर पोस्टात लागला. घरात याची थोडी नामुष्कीच होती. थोरला साहेब आणि धाकटा दारोदार, असं कुणी बोलून दाखवत नसे, पण पाटावर बसवताना कुणाला आधी बसवायचं ते सगळ्यांना कळत असे. मनोहरकाकांना मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं. ते आपले कुठेही बसायचे. क्षितिजाची शाळा सारखी बदलू नये म्हणून ती सहावीपासून काका-काकूंकडेच राहिली. गौरांग तेव्हा पाळण्यात होता. म्हणजे त्या घरात हिंडतं-फिरतं पोर आधी तीच.

काकांची एक खोड होती. भेटेल त्याला ते पहिला प्रश्न जेवणाचा करायचे. शाळेतून आली की, "क्षितू, जेवलीस का?" तिची मैत्रीण पल्लवी आली की, "बाळ, तुझं जेवण झालं?" घासलेटच्या रांगेतल्या अनोळखी माणसालासुद्धा, "खाना हो गया, भाईसाहब?" लोक हसायचे. काकू तर म्हणायची की हे यमाला दारात बघतील तरी आधी जेवलास का म्हणून विचारतील. त्यांच्या बीटवरच्या, म्हणजे टपाल वाटायच्या गल्ल्यांमधल्या, बायकांना वाटायचं डाकबाबूला भूक लागते बिचाऱ्याला. मग कुणी हातावर लाडू ठेवायचं, कुणी ईदच्या शेवया वाटीत घालून द्यायचं, कुणी सिंधी बाई पापड भाजून आणायची. काका घरी यायचे ते पोटाला तडस लागलेले, आणि पुन्हा काकूच्या धाकाने दोन पोळ्या खायचे. पेटू माणूस, असं क्षितिजाचं लहानपणीचं मत होतं. सडपातळ होते खरे, पण पेटू. मायाळू आणि पेटू. या दोन गोष्टी लहान पोराला पुरेशा असतात.

खरं कारण कळलं ते ती कॉलेजात गेल्यावर. ते काही कुणी गुपित म्हणून सांगितलं नव्हतं. ती काकांच्या शेजारी बसून शेंगा सोलत होती, आणि त्यांनी सहज सांगितलं. तेव्हा मौतीची खबर पोस्टकार्डाने यायची. असं कार्ड लिहिणारा त्याचा एक कोपरा फाडून टाकायचा, म्हणजे हातात पडताच कळावं. ते कार्ड घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर वाचायचं, वाचून फाडून टाकायचं आणि आंघोळ करायची. सकाळी टपाल लावताना पोस्टमनच्या हाताला तो फाटका कोपरा लागायचा. म्हणजे घरच्यांच्या आधी त्याला कळायचं. काका सांगत होते, "नवा होतो तेव्हा द्यायचो आणि पुढे निघायचो. माझं काम तेवढंच होतं ना. मग एकदा एका बाईला कार्ड दिलं. भाकरीचा तवा चुलीवर होता, पोरं ताटं घेऊन बसली होती. भाऊ गेला होता तिचा. तिने तवा उतरवला आणि पोरं तशीच उठली. संध्याकाळी परत त्या गल्लीतून आलो तर ती पोरं उपाशीच ओट्यावर बसलेली." सुतकाचं काय असतं, की ते माणूस मरतो तेव्हा लागत नाही, कानावर पडतं तेव्हा लागतं. कानावर पडेपर्यंत माणूस मोकळा. त्याचा तवा तापलेला, त्याचं ताट वाढलेलं, तो जेवू शकतो. आणि ते कानावर कधी घालायचं, हे कार्ड ज्याच्या हातात त्याच्यावर.

मग काकांनी स्वतःचा कायदा केला. फाटक्या कोपऱ्याचं कार्ड पिशवीत तळाशी ठेवायचं, त्या दाराशी जाऊन पाणी मागायचं, पायरीवर बसायचं आणि विचारायचं, खाना हो गया? झालं असलं तर कार्ड काढायचं. झालं नसलं तर पुढची गल्ली उरकून परत यायचं. महिन्या-दोन महिन्यांत बीटवरच्या बायका शहाण्या झाल्या. डाकबाबूने जेवणाचं विचारलं की त्यांचे हातपाय गार पडायचे, एकीने तर तिथेच हंबरडा फोडला. आता आली का पंचाईत? तर काका सगळ्यांनाच विचारायला लागले. रोज, प्रत्येक दारात, लग्नाची पत्रिका द्यायची असो की एलआयसीची नोटीस. त्या प्रश्नातली भीती जावी म्हणून त्यांनी तो इतका वापरला की तो गुळगुळीत झाला. गॅसगळतीच्या त्या वर्षानंतर, बाहेरगावच्या नातेवाइकांची 'खुशाली कळवा' म्हणून कार्डं यायची आणि दारांना कुलपं असायची, तेव्हाही ते शेजारच्या उरलेल्या माणसांना विचारायचे. त्या दिवसांबद्दल ते याच्यापलीकडे कधी बोलले नाहीत. पुढे कार्डं बंद झाली, नोकरी संपली, प्रश्न मात्र जिभेवर राहिला. परवा हॉस्पिटलात, तोंडावरचा मास्क बाजूला करून त्यांनी नर्सला विचारलं होतं, बेटा, खाना खाया? नर्स केरळची होती, तिला आधी कळलं नाही. मग ती लाजून हो म्हणाली.

रिक्षा थांबली होती. सिग्नल खरंच लाल होता. क्षितिजाला रडू यायला हवं होतं, पण तिला घाम येत होता. आज कार्ड तिच्या हातात होतं. मोठी सोपी गोष्ट होती. जायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, जेवायला बसायचं, काकूला दोन घास जास्त वाढायचे, आणि मग सांगायचं. काकांची पुतणी म्हणून हे तिला जमायलाच हवं होतं. गौरांगनेही तेच मागितलं होतं, आणि शुगरचं तो म्हणाला ते काही खोटं नव्हतं. सत्त्याहत्तर वर्षांची बाई. पण काकूचं म्हणणं काय होतं, ते गौरांगला माहीत नव्हतं. किंवा माहीत असून विसरला असेल, मुलं आईबापांची जुनी भांडणं विसरतात. क्षितिजा विसरली नव्हती. तिला ते तूप आठवलं.

ते असं झालं होतं. शेंगांच्या त्या दुपारनंतर क्षितिजा काकांवर इतकी खूश झाली की स्वयंपाकघरात जाऊन काकूपुढे त्यांचं गुणगान करायला लागली. असा माणूस शोधून सापडायचा नाही, वगैरे. रत्नप्रभाकाकू कणीक तिंबत होती. ती थांबली नाही, मान वर केली नाही, पण म्हणाली, "ज्याला वाढलं त्याला विचार." काकूचे वडील आर्वीला वारले तेव्हा ते कार्ड पोस्टात काकांच्याच हाताला लागलं होतं. पोळ्याचा दिवस होता. काकूने मातीचे बैल पुजले होते, पुरण घातलं होतं, आणि नवरा येईपर्यंत जेवायची थांबली होती. काका दुपारी घरी आले. नेहमीसारखं विचारलं, जेवलीस का? ती म्हणाली तुमचीच वाट बघतेय. दोघं बसली. काकांनी तिला आग्रह करकरून तिसरी पुरणपोळी वाढली, आणि तिच्यावर स्वतःच्या हाताने तूप घातलं. एरवी ते कधी वाढायचे नाहीत, म्हणून ती लाजली, हसली, वडिलांची नक्कलही केली म्हणे, ते पुरणपोळी कशी खातात त्याची. काका हसले. ती हात धुऊन आली तेव्हा ते उंबऱ्याबाहेर उभे होते, आणि हातात कार्ड होतं.

"ते हसले गं," काकू म्हणाली होती. "माझे बाबा मेलेले त्यांना ठाऊक होतं, आणि मी त्यांची नक्कल करत होते, आणि हे माझ्यासमोर हसले. दुसऱ्यांच्या बायांना काय वाटायचं ते मला माहीत नाही. मला माझं तोंड धुऊन धुऊन स्वच्छ होईना." दरवर्षी पोळ्याला त्या घरात भांडण व्हायचं. क्षितिजाने किती तरी पोळे बघितले तिथे. काकू पुरण घालायची, पण तुपाचं भांडं काकांच्या हाताला लागू द्यायची नाही. काका म्हणायचे, मग काय उपाशी रडू द्यायचं होतं तुला, बारा तासांचा प्रवास होता पुढे? काकू म्हणायची, हो, उपाशी रडू द्यायचं होतं, बाप माझा होता. तुम्ही कोण ठरवणारे? आणि यावर काका गप्प व्हायचे. साऱ्या शहराला जेवू घालून रडवणारा माणूस स्वतःच्या बायकोपुढे गप्प व्हायचा. त्यांनी चूक कबूल केली नाही, तिने माफ केलं नाही, आणि बाकी संसार अगदी दृष्ट लागावा असा केला दोघांनी. वर्षातला तो एक दिवस सोडून.

मग आज कुणाचं ऐकायचं? जो गेला त्याचं, की जी राहिली तिचं? क्षितिजाला वाटलं, काकांचं ऐकलं नाही तर काका आजच्या आज दुसऱ्यांदा जातील. त्यांची ती एकच तर विद्या होती जगातली. आणि ऐकलं तर ती काकूला पुन्हा त्याच ताटावर बसवेल, काकू उद्या, परवा, मरेपर्यंत तोंड धूत बसेल, आणि या वेळी समोर हसणारी असेल क्षितिजा. तिला काकांचा पहिल्यांदाच राग आला. असलं अवघड काम करत होते आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाहीत. पायरीवर बसून पाणी पिताना त्यांच्या पोटात काय होत होतं, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. आता तिच्या पोटात तेच होत होतं, आणि विचारायला माणूस नव्हता. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि म्हणाला, मैडम, तबियत ठीक है ना? ती हो म्हणाली. मिसरोदच्या वळणावर तिने त्याला मंदिराशी थांबायला सांगितलं, उगाच, दोन मिनिटं चालायला मिळावीत म्हणून.

कॉलनीत दुपारची सामसूम होती. काकूने दार उघडं ठेवलं होतं. कुकरचा वास, कांद्याचा वास, आणि काकू पदर खोचून ओट्याशी उभी. पाठमोरीच बोलायला लागली, की बरं झालं आलीस, अश्विनी फोन उचलत नाही, हॉस्पिटलात नेटवर्क नसतं मेलं. ह्यांच्यासाठी मऊ भात केलाय, मीठ कमी घातलंय, डॉक्टर ओरडतो. आपण दोघी जेवून घेऊ आणि मग जाऊ. बस. क्षितिजाने पिशवी खाली ठेवली. म्हणजे जेवायचा आग्रहही करावा लागला नाही. काहीच करावं लागत नव्हतं. फक्त बसायचं होतं.

ती बसली. काकूने दोन ताटं घेतली. पोळी वाढली, वरण वाढलं, बटाट्याची भाजी वाढली. हॉस्पिटलात गेल्यावर गौरांगला सांगायचं वाक्यसुद्धा क्षितिजाच्या मनात तयार झालं, की नीट जेवली रे, मग सांगितलं. काकू समोर बसली, पोळीचा तुकडा मोडला, आणि म्हणाली की काल रात्री हे बरे दिसत होते नाही, मला विचारत होते जेवलीस का म्हणून. आणि हसली. नवऱ्याची थट्टा करताना हसायची तशी. तुकडा वरणात बुडवून ती तोंडाकडे नेणार होती.

क्षितिजाने तिचं मनगट धरलं.

"काकू, नको खाऊ. काका गेले."

काकूचा हात तिच्या हातात तसाच राहिला. बोटांवरून वरण ओघळलं. काकू तिच्याकडे बघत होती, पण रागाने नाही, दुःखानेही नाही, एखादं नाव आठवत नाही तेव्हा बघतात तशी. मग तिने तुकडा ताटात ठेवला, हात ताटाच्या कडेला पुसला आणि विचारलं, "केव्हा?"

"सकाळी. गौरांग म्हणाला साडेआठला."

"साडेआठला," काकू म्हणाली. ती ओट्याकडे बघू लागली. क्षितिजा उठून तिच्याजवळ आली, खांद्यावर हात ठेवला. आता आकांत होईल आणि आपण धरून ठेवू, असं तिला वाटलं. काकू रडत नव्हती. ती हिशेब लावत होती, सकाळचा, तासातासाचा, आणि तो लागल्यावर तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"साडेआठला मी उपमा खात होते गं."

"असू दे, काकू."

"हे घरात नाहीत म्हणून चमचाभर साखर घातली वर. शुगरच्या गोळ्या घेतल्या आणि वर साखर घातली. ओरडायला कोणी नव्हतं ना." तिने क्षितिजाकडे मान वळवली. "चांगला झाला होता. मी दुसऱ्यांदा घेतला."

कुकरची वाफ अजून बारीक फुसफुसत होती.

"तेव्हा मला कोणी आग्रह नव्हता केला," काकू म्हणाली. "कोणी समोर नव्हतं बसलं. मी माझी खाल्ला. हे तिकडे..." ती थांबली. मग अगदी साध्या आवाजात, शेजारणीला सांगावं तसं म्हणाली, "म्हणजे ते कुणाला चुकत नाहीच. कोणी सांगो, न सांगो, एक घास तसा जातोच पोटात. मी आपली सगळा राग त्यांच्यावर काढला. दरसाल काढला."

ती उठली. गॅस आधीच बंद होता, तरी तो तिने पुन्हा बघितला. झाकून ठेवलेला मऊ भात तसाच होता, त्याला हात लावला नाही. बेसिनपाशी जाऊन हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, आणि पदराने पुसत ती दाराशी आली. चपला शोधताना एक पाय सारखा भलत्याच चपलेत जात होता. क्षितिजाने वाकून ती सरळ करून दिली, आणि म्हणाली की काकू, थांब जरा, मी गाडी बोलावते, साडी बदलून घे, पाणी तरी पी.

"नको, चल लवकर," काकू म्हणाली. "मला त्यांना सांगायचंय."